दाखला आणि प्रार्थना

इजिप्तच्या कोरड्या वाळूने ज्या क्षुल्लक वस्तू शतकानुशतके जपून ठेवल्या, त्यांत पपायरसचे काही चिठोरे आहेत. इ. स. २५० च्या सुमारास रोमचा बादशहा डेसियस याने फर्मान काढले, की साम्राज्यातील प्रत्येकाने देवतांपुढे बळी द्यावा, मद्य अर्पण करावे, बळीच्या मांसाचा घास खावा आणि हे सारे अंमलदारांच्या समक्ष केल्याचा लेखी दाखला घ्यावा. ते हे दाखले. त्यांतल्या एकावर अर्जदाराचे वय ७२ वर्षे असून त्याच्या उजव्या भुवईवर जखमेचा वण आहे, अशी नोंद सापडते. हा म्हातारा ख्रिस्ती होता की नव्हता, हे त्या कागदावरून कळत नाही. सरकारलाही ते कळून घ्यावयाचे नव्हते, कारण ज्याच्यापाशी कागद आहे त्याच्या अंतःकरणात काय चालले आहे, याची चौकशी करण्याचे कलम त्या फर्मानात नव्हते.

जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात मूठभर ख्रिस्ती लोकांचा छळ होत आहे, त्यांच्यासाठी प्रार्थना करा, अशी विनंती आज कानी आली म्हणजे तिचा अर्थ आपल्याला सरळ वाटतो. सोसणारे तिकडे, प्रार्थना करणारे इकडे आणि मागणे सुटकेचे. परंतु या विनंतीचा इतिहास उलगडू लागलो, की कोणी प्रार्थना करावी, कोणासाठी करावी आणि नेमके काय मागावे, या तिन्ही गोष्टी काळाच्या ओघात पुनःपुन्हा बदललेल्या दिसतात. आणि आरंभी तर त्या आजच्या अगदी उलट होत्या. कार्थेजचा टर्टुलियन याने इ. स. १९७ च्या सुमारास रोमी अधिकाऱ्यांना उद्देशून जो बचाव लिहिला त्यात, आम्ही बादशहाला देव मानीत नाही, परंतु त्याच्या दीर्घायुष्यासाठी आणि राज्याच्या स्थैर्यासाठी आम्ही प्रार्थना करतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. त्याच्याही आधी, स्मर्ना येथील वृद्ध बिशप पॉलिकार्प यांना धरावयास रात्री शिपाई आले, तेव्हा त्यांनी त्या शिपायांना जेवू घालावयास सांगितले, प्रार्थनेसाठी तासभराची मुदत मागून घेतली आणि आयुष्यात ज्यांची ज्यांची गाठ पडली त्या लहानथोर सर्वांसाठी उभ्याने दोन तास प्रार्थना केली, असा वृत्तांत आहे. म्हणजे प्रार्थनेचा प्रवाह त्या काळी पीडितांकडून पीडकांकडे वाहत होता.

डेसियसच्या दाखल्याने ही सोपी व्यवस्था मोडली. कारण आता ख्रिस्ती मंडळीत तीन प्रकारचे लोक झाले : काही तुरुंगात गेले, काहींनी बळी दिला, आणि काहींनी बळी न देताच अंमलदाराचा हात ओला करून दाखला तेवढा मिळवला. छळ ओसरताच पडलेले लोक रडत परत आले, आणि तुरुंगात यातना सोसलेल्यांनी आपल्या पुण्याईच्या बळावर त्यांना ‘यांस परत घ्यावे’ अशा चिठ्ठ्या द्यावयास आरंभ केला. सरकारी दाखल्यावर उतारा म्हणून हा दुसरा दाखलाच! कार्थेजचे बिशप सिप्रियन, जे स्वतः या काळात भूमिगत होते आणि त्यासाठी टीकेचे धनीही झाले होते, या चिठ्ठ्यांवर चिडले. शेवटी प्रायश्चित्ताअंती परत घेण्याचा मध्यम मार्ग त्यांनी काढला. माझ्या मते या विचाराच्या इतिहासातील खरे वळण हे आहे. जो ठाम उभा राहिला त्याच्यासाठी प्रार्थना करणे सोपे असते. ज्याचे पाय लटपटले त्याच्यासाठी प्रार्थना कोणत्या शब्दांत करावयाची, हा प्रश्न प्रथम तेथे उभा राहिला.

तो फार काळ उभा राहू शकला नाही. चौथ्या शतकात बादशहाच ख्रिस्ती झाला आणि पीडितांचा धर्म राजाचा धर्म बनला. हुतात्म्यांचे दिवस पंचांगात गेले. त्यांच्यासाठी प्रार्थना करावयाची ती लोक त्यांनाच करू लागले. आणि सत्ता हाती आल्यावर इतरांनी जे केले तेच यांनीही केले. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन बसले तेव्हा दाखले तपासणारे ख्रिस्ती होते आणि घरात गुपचूप तुळशीला पाणी घालणारे दुसरे होते, ही गोष्ट मराठी लेखकाने या विषयावर लिहिताना गाळली, तर त्याच्या उरलेल्या लेखाला काही किंमत राहणार नाही.

याच काळात वसईचा एक मुलगा जपानला गेला. गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५६ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इकडची. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास ते जेझुइट धर्मगुरूंबरोबर जपानला गेले, तेथील भाषा त्यांनी आत्मसात केली, काही काळ व्यापार केला, मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून प्रवेश घेतला आणि १५९३ साली पेद्रो बाउतिस्ता यांच्या वकिलातीबरोबर दुभाषी म्हणून ते जपानला परतले. तेथेही सारे निर्मळ नव्हते. ओमुराच्या ख्रिस्ती झालेल्या सरदाराने आपल्या मुलुखातील देवळे पाडविली होती आणि नागासाकी बंदर जेझुइटांच्या हवाली केले होते. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने १५८७ साली पाद्र्यांच्या हद्दपारीचा हुकूम काढला, त्यामागे अशाच गोष्टींची भीती होती. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढविले गेले. त्यांत बारा-तेरा वर्षांची मुले होती आणि आपले गोन्सालो होते. वसईच्या किल्ल्यातील जेझुइटांचे जुने चर्च आज त्यांच्या नावाने ओळखले जाते; छप्पर हरवलेल्या त्या भग्नावशेषांच्या गर्दीत उभे राहिले, की हा मुलगा येथून किती लांब गेला, याचा विचार मनात येतो.

खरी गोष्ट मात्र हुतात्म्यांच्या नंतरची आहे. १६१४ साली तोकुगावा सरकारने ख्रिस्ती धर्म सर्व देशात बंद केला आणि डेसियसचा कागद जणू पुन्हा अवतरला : प्रत्येक कुटुंबाने आपण अमुक बौद्ध मंदिराचे अनुयायी आहोत असा तेथील भिक्षूचा दाखला घ्यावा, पाच-पाच घरांनी एकमेकांची जामीनकी पत्करावी, चुगली करणारास चांदीचे इनाम मिळावे. नागासाकीच्या परिसरात तर दरवर्षी नववर्षाच्या सुमारास गावकऱ्यांना मुखियाच्या अंगणात बोलावून ख्रिस्ताची किंवा मरियेची प्रतिमा कोरलेल्या पाटीवर एकेकाला पाय द्यावयास लावीत. त्या पितळी पाट्या आजही पाहावयास मिळतात. त्यांवरील नाकडोळे गेले आहेत. हजारो अनवाणी पावलांनी ते गुळगुळीत केले आहेत. पाय देणाऱ्यांत असंख्य लोक असे होते, की पाय देऊन घरी जात, दार लावीत आणि पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत.

ही प्रार्थना त्यांना कोणी दिली? १६०३ साली, बंदीच्या वादळाची चाहूल लागली असताना, बिशप लुईस सेर्केरा यांच्या पुढाकाराने जपानी भाषेत एक लहानशी पुस्तिका निघाली. धर्मगुरूपुढे पापनिवेदन करून क्षमा मिळवावी हा नियम. पण धर्मगुरूच उरला नाही तर काय करावयाचे? त्या पुस्तिकेचे उत्तर असे, की शिक्षेच्या भयाने नव्हे, तर देवावरील प्रेमापोटी मनापासून पश्चात्ताप केला, तर त्या पश्चात्तापानेही क्षमा लाभते. पश्चात्ताप या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दाचा अपभ्रंश होऊन या प्रार्थनेला ‘कोन्चिरिसान’ म्हणू लागले. १६४४ साली देशातील अखेरचा धर्मगुरू मारला गेला आणि त्यानंतर दोनशे वीस वर्षे या लोकांनी धर्मगुरूवाचून काढली. एक जण सणावारांचे पंचांग सांभाळी, एक जण मुलांना स्नानसंस्कार देई, एक जण घरोघरी निरोप पोहोचवी. प्रार्थनांना ते ‘ओराशो’ म्हणत. तो शब्द मूळचा लॅटिन. इकित्सुकी बेटावर त्या मोठ्याने गात. सोतोमेच्या किनाऱ्यावर त्या इतक्या हळू पुटपुटत की शेजारच्या घरी ऐकू जाऊ नये. अर्थ बहुतेक विसरला गेला होता, ‘ग्रासा’चा, म्हणजे कृपेचा, ‘गरासा’ झाला होता, पण लय राहिली होती. एन्दो शुसाकू यांनी या छळावर लिहिलेल्या कादंबरीचे नाव ‘मौन’ आहे. पाद्र्यांच्या दृष्टीने ते नाव समर्पक असेल. गावकऱ्यांच्या बाबतीत मात्र ती कुजबुज होती, आणि कुजबुज म्हणजे मौन नव्हे.

जगाला हे लोक जिवंत आहेत याचा पत्ता नव्हता, आणि नेमक्या याच अज्ञानाच्या काळात प्रार्थनेच्या विनंतीला आधुनिक रूप आले. १८२२ साली फ्रान्समधील ल्यों शहरात पोलीन जारिको या तरुणीच्या प्रेरणेने एक संस्था निघाली. सभासदाने दर आठवड्यास एक सू, म्हणजे अगदी किरकोळ नाणे, द्यावयाचे आणि रोज ठराविक प्रार्थना म्हणावयाची, जिच्या शेवटी, गोव्यात ज्यांचा देह ठेवला आहे त्या फ्रान्सिस झेवियर यांना साकडे असे. दूरदेशीची पत्रे छापून सभासदांत फिरवीत. आजची प्रार्थनेची आवाहने ज्या घाटात घडतात तो घाट येथे तयार झाला : वार्ता, वर्गणी आणि प्रार्थना. यात एक मोठा लाभ होता, की कारागिराची बायकोसुद्धा जगाच्या दुसऱ्या टोकाशी बांधली गेली. आणि एक धोकाही होता, की ज्याची वार्ता पोहोचते त्याच्यासाठीच प्रार्थना होते.

१८६२ साली पोप नववे पायस यांनी त्या सव्वीस जणांना संतपद दिले. १८६५ साली नागासाकीत परदेशी व्यापाऱ्यांसाठी ओउरा येथे चर्च बांधून पुरे झाले आणि ते याच सव्वीस हुतात्म्यांच्या नावे अर्पण करण्यात आले. १७ मार्च रोजी फ्रेंच धर्मगुरू बर्नार पेतिजां यांना दाराशी बारा-पंधरा जण घुटमळताना दिसले. ते प्रार्थनेस बसले असता एका स्त्रीने जवळ येऊन हळूच सांगितले, की आमचे आणि तुमचे अंतःकरण एकच आहे, आणि पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे असे विचारले. ते लोक जवळच्या उराकामी गावचे होते.

वार्ता जगभर गेली आणि त्याबरोबरच छळही परतला. उराकामीकरांनी १८६७ साली आपल्या मृतांचे अंत्यविधी मंदिराच्या भिक्षूकडून करवून घेण्याचे नाकारले, म्हणजे दाखलाच नाकारला. नव्या मेइजी सरकारनेही बंदीच्या पाट्या चौकाचौकांत पुन्हा उभारल्या आणि गावातील सुमारे ३,४०० माणसे, तान्ह्या मुलांसकट, देशभरच्या संस्थानांत वाटून रवाना केली. त्सुवानो येथे नेलेल्यांपैकी काहींना तीन फूट लांबरुंद पिंजऱ्यात, जेथे ना उभे राहता येई ना पाय पसरता येत, बर्फात ठेवले. काहींना गोठलेल्या तळ्यात उतरविले. सहाशेंहून अधिक माणसे परत आली नाहीत. या वेळी मात्र प्रार्थनेबरोबर अर्जविनंत्याही निघाल्या, वकिलातींनी खलिते लिहिले, आणि इवाकुरा यांचे जपानी शिष्टमंडळ अमेरिका-युरोपात जेथे गेले तेथे त्याला याच प्रश्नाला तोंड द्यावे लागले. २४ फेब्रुवारी १८७३ रोजी पाट्या उतरविण्याचा हुकूम निघाला. त्यात कारण दिले होते, की या पाट्यांवरील मजकूर आता लोकांना पुरेसा अवगत झाला आहे! कोणत्याही सरकारी दप्तराला शोभेल असे हे वाक्य आहे.

पुढे हा विचार राजकारणाच्या रस्त्याला लागला. १९३० साली पोप अकरावे पायस यांनी रशियातील छळाविरुद्ध जगभर प्रार्थनेची हाक दिली आणि मिस्सेनंतरच्या प्रार्थना त्या देशासाठी वाहिल्या. छळ खरा होता, यात संशय नाही. पण प्रार्थना एखाद्या देशाविरुद्ध म्हटली जाऊ लागली, म्हणजे शिपायांना जेवू घालणारा तो स्मर्नाचा म्हातारा तिच्यात कोठे बसतो, हे शोधावे लागते.

उराकामीचे लोक आपल्या हद्दपारीला ‘तबी’, म्हणजे प्रवास, म्हणत. यापेक्षा कठोर शब्द त्यांनी वापरला नाही. परत आल्यावर १८८० साली त्यांनी गावच्या जुन्या मुखियाची जागा विकत घेतली. दरवर्षी पाय ठेवण्यासाठी ज्या अंगणात आजे-पणजे रांगेत उभे राहिले होते, तीच ही जागा. तेथे १८९५ साली त्यांनी चर्चचा पाया घातला आणि १९१४ साली ते पुरे झाले. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमाकडे विमान निघण्यापूर्वी तिनियन बेटावर एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाने वैमानिक सुखरूप परत यावेत म्हणून प्रार्थना केली. त्यानंतर तीन दिवसांनी, ९ ऑगस्टला, उराकामीच्या चर्चमध्ये १५ तारखेच्या मरियेच्या सणाच्या तयारीसाठी दोन धर्मगुरू पापनिवेदन ऐकत होते आणि काही डझन माणसे आपली पाळी येण्याची वाट पाहत होती. अकरा वाजून दोन मिनिटांनी बाँब पडला. चर्चमधील कोणीही वाचले नाही. बारा हजारांच्या त्या धर्मग्रामातील सुमारे साडेआठ हजार माणसे त्यात गेली.