अल्बम कोणाच्या हाती?

हल्लीची मुले टपाल तिकिटे जमवीत नाहीत, अशी खंत आपल्या घरांतून वारंवार ऐकू येते. ती व्यक्त करणाऱ्यांच्या कपाटात बहुधा एखादा जाडजूड अल्बम असतो आणि तो पुढे कोणाच्या हाती द्यावा, ही त्यांची खरी विवंचना असते. या खंतीचा थोडा विचार व्हावा असे आम्हांस वाटते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. मुले तिकिटे जमवीतच नाहीत, हे खरे नव्हे. भारतीय टपाल खात्याने २०१७ साली ‘दीनदयाळ स्पर्श’ योजना सुरू केली. सहावी ते नववीतील ९२० संग्राहक विद्यार्थ्यांना वर्षाला ६,००० रुपयांची शिष्यवृत्ती, असे तिचे स्वरूप ठरले. त्यासाठी प्रश्नमंजूषा आणि प्रकल्प यांची तयारी करणारी मुले आम्ही पाहिली आहेत. त्यांचा अभ्यास आपल्यापेक्षा शिस्तशीर असतो. २००६ साली चंदनाचा सुगंध असलेले तिकीट निघाले, ही माहिती ती तोंडपाठ सांगतात.

मात्र ही तिकिटे येतात कशी? टपाल खात्यात संग्राहकाचे खाते उघडायचे, पैसे भरायचे, की कोरी करकरीत तिकिटे घरपोच! पूर्वी तिकीट पत्रावर बसून येत असे. शेजारच्या घरातील मुलगा कुवेतला किंवा बोटीवर असला, तर त्याच्या आईकडे जाऊन पाकीट मागावे लागे. ती आधी पत्र वाचून दाखवी, मग डोळे पुसून पाकिटाचा कोपरा कापून देई. तो तुकडा पाण्यात भिजवायचा, तिकीट अलगद सोडवायचे, वर्तमानपत्रावर वाळवायचे. त्या तिकिटावर शिक्का असे, आणि कोणाची तरी वाट पाहणेही असे. वापरलेली तिकिटे मिशनकार्यासाठी गोळा करून वजनावर विकण्याची प्रथा कॅथलिक जगात अनेक ठिकाणी आहे. एकेका घराने टाकून दिलेल्या कागदाला अनेकांच्या हातून मोल येते, ही केवढी सुंदर गोष्ट!

विकत घेतलेला संग्रह खोटा, असे आम्ही म्हणणार नाही. पण त्यात कोणाचे ऋण नसते, आणि आमच्या मते उणीव आहे ती एवढीच. ती मुलांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पत्रे लिहिण्याचे सोडले ते मोठ्यांनी. डेन्मार्कच्या सरकारी टपालसेवेने तर २०२५च्या अखेरीस पत्रे पोहोचविणेच थांबविले. ज्या घरी वीज बिलाखेरीज टपाल येत नाही, त्या घरातील बालकाने मागावे तरी कोणाकडे?

मुलांना या छंदाकडे वळविण्यासाठी काही वडीलधारे आमिष दाखवितात: “सांभाळ बाळा, उद्या लाखांना जाईल.” १९४८ साली गांधीजींचे दहा रुपयांचे तिकीट निघाले. त्यांपैकी अवघ्या १०० तिकिटांवर गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी ‘सर्व्हिस’ असे छापले गेले. अशा चार तिकिटांची एक पट्टी २०१७ साली पाच लाख पौंडांना विकली गेली. गोष्ट खरी, पण आपल्या अल्बममधील तिकिटे लाखोंच्या संख्येने छापलेली आहेत. बहुतेकांना बाजारात फारसे कोणी विचारीत नाही. हे ठाऊक असताना मुलाला लोभाच्या वाटेने छंदाकडे नेणे म्हणजे त्याची फसवणूकच. (शिवाय आठ दिवसांत ते मूल इंटरनेटवर किंमत पाहून येते, ते वेगळेच.)

त्यापेक्षा पाने उलटावीत. पोप पॉल सहावे १९६४ साली मुंबईस आले तेव्हाचे संत थॉमसचे तिकीट, १९७४ सालचे गोव्यातील संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवपेटीचे तिकीट, ही कोणाच्या पत्रावरून निघाली, ते पत्र काय सांगत होते, एवढे सांगावे. ऐकणाऱ्या नातीने त्यांतील एकच तिकीट मागितले तर? संग्राहकाचा जीव कासावीस होतो. पान रिकामे दिसते, वर्षांचा क्रम तुटतो. तरी ते द्यावे, या मताचे आम्ही आहोत. तिने ते वहीत चिकटविले, दप्तरात चुरगाळले, मैत्रिणीला देऊन टाकले, तरीही.