फळी संपल्यावर

भाची गोंडवाना विद्यापीठाच्या एका महाविद्यालयात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मामा आदिवासी विविध कार्यकारी संस्थेचे सचिव होते, आता निवृत्त. दोघं धानोरा तालुक्यातली. नागपूरच्या एका वित्तीय कंपनीने तिला बॅक ऑफिसमध्ये तीन महिन्यांची इंटर्नशिप देऊ केली आहे. काम पसंत पडलं तर पदवीनंतर तिथेच नोकरी. मेच्या सुरुवातीला रुजू व्हायचं आणि होकार शुक्रवारपर्यंत कळवायचा.

भाची : मामा, वर्गात अजून कुणालाच काही मिळालेलं नाही. मला वर्षभर आधी मिळतंय, म्हणूनच भीती वाटते. आत्ता हो म्हटलं तर माझं पुढचं सगळं विसाव्या वर्षीच ठरून जाईल.

मामा : कोण ठरवणार?

भाची : ते टेबल. बॅक ऑफिसला लागलेला माणूस तिथेच राहतो म्हणतात. पैसा कुठे गुंतवायचा हे ठरवणारे वेगळे. आम्ही त्यांचे सौदे जुळवायचे. आज घेतलेला शेअर उद्या खात्यात आला का, पैसे गेले का, बँकेचा आकडा आपल्या आकड्याशी बसतो का.

मामा : उद्याच?

भाची : हाव. 2023 च्या जानेवारीपासून सगळ्या शेअरना एकच दिवस. चूक शोधायला रात्र मिळते फक्त.

मामा : मग हे काम हलकं कसं? धानखरेदीच्या दिवसांत काट्यावरच्या माणसाभोवती गर्दी असायची, माझ्या वहीकडे कुणी बघत नसे. पण चुकारा निघायचा तो वहीवरूनच. एक शून्य चुकलं तर कुणाच्या तरी घरची पेरणी अडायची.

भाची : तुम्ही त्या शेतकऱ्याला ओळखत होता. मी कुणाला ओळखेन? पडद्यावर एक क्रमांक, शेजारी दुसरा. जुळला की पुढचा.

तिच्या या बोलण्याला मामांनी लगेच उत्तर दिलं नाही, ते मला बरं वाटलं. कामाचा दर्जा, पगार, बढती यांवर वाद घालता येतो. पण ज्याचा हिशेब आपण ठेवतो तो माणूसच दिसत नसेल, तर काम कितीही चोख केलं तरी आतून कोरडं राहण्याचा धोका खरा आहे. तरुण मुलीने तो पहिल्या नोकरीआधीच ओळखावा, ही मोठी गोष्ट आहे.

मामा : न दिसणाऱ्या माणसाचंही त्या टेबलामुळे रक्षण होतं की.

भाची : होतं. सरांनी बेअरिंग्ज बँकेचं उदाहरण सांगितलं होतं. 1762 ची बँक. सिंगापुरात निक लीसन सौदे करायचा आणि ते सौदे तपासणारी खोलीही त्याच्याच हाताखाली. तोटा 88888 क्रमांकाच्या खात्यात लपवत गेला. 1995 मध्ये उघड झालं तेव्हा 82 कोटी 70 लाख पौंड बुडाले होते. बँक एका पौंडाला विकावी लागली.

मामा : मागच्या खोलीत वेगळा माणूस असता तर वाचली असती.

भाची : पण लीसन मागच्या खोलीतच शिकला होता, मामा. तिथल्या फटी ठाऊक होत्या म्हणूनच त्याला लपवता आलं. ते टेबल काम शिकवतं. कुणासाठी करायचं, हे शिकवत नाही.

मामा : ते कोणतंच टेबल शिकवत नाही. आपल्या तालुक्यातलं मेंढा गाव घे. 2009 मध्ये गावाला सुमारे 1800 हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला, पण बांबूच्या वाहतुकीचे परवाने वनखात्याकडेच राहिले. 27 एप्रिल 2011 ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले, तेव्हा परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं. तो दिवस सगळ्यांना आठवतो. पण त्यानंतर कटाई किती, मजुरी किती, व्यापाऱ्याकडून आले किती, हे लिहायला कुणीतरी बसलंच ना? ते जमलं नसतं तर हक्क किती दिवस टिकला असता?

भाची : मला तीच वही लिहायची आहे. मेमध्ये आपली तेंदूपानांची फळी लागेल, ग्रामसभेने मला विचारलंय. सत्तर पानांचा पुडा, हजार पुड्यांची प्रमाण गोणी. कुणाचे किती पुडे आले ते फळीमुंशी लिहितो. पहाटेपासून रानात गेलेल्या बाईला तिची नोंद वाचून कोण दाखवतं?

मामा : फळी काही दिवसांची, पोरी. वर्ष त्यावर निघत नाही. सुरजागडचं लोखंड निघतंय, कोनसरीला कारखाना झाला. तिथल्या हिशेबाच्या खुर्च्यांवर आपली पोरं बसावीत असं वाटत असेल तर कुठेतरी शिकून यावंच लागेल.

भाची : उद्या सीए करायचं ठरलं तर हे तीन महिने आर्टिकलशिपमध्ये धरणार नाहीत. ती दोन वर्षं वेगळी.

मामा : ठरलंय का सीए?

भाची : नाही. काहीच ठरलेलं नाही आणि उत्तर शुक्रवारी द्यायचंय.

मामा : मेंढ्यात आधी अभ्यासगट बसतो, मग ग्रामसभा. सगळ्यांची सहमती होईपर्यंत निर्णय नाही.

भाची : गावाला थांबता येतं. जंगल कुठे पळून जातं?

मामा : जातच होतं की. इथला बांबू कागद कारखान्याकडे जात होता, तरी त्यांनी अभ्यास सोडला नाही. थांबणं त्यांनाही फुकट पडलं नाही. तू हे तीन महिने अभ्यासगटच समज.

भाची : अभ्यासगटात प्रश्न विचारता येतात. तिथे येतील? मी त्यांना लिहिते. एक सौदा पहिल्यापासून शेवटपर्यंत, ज्याचा पैसा आहे त्याच्यापर्यंत, मला दाखवाल का? नंतर नोकरी नाकारली तर चालेल का? आणि मेऐवजी जूनमध्ये आले तर?

मामा : शिकाऊ मुलीच्या अटी कोण ऐकतं?

भाची : नसतील ऐकत, तर नाही जाणार.

मामा : मी असतो तर गेलो असतो. संधी परत येत नाही, हे मी पाहिलंय.

भाची : ठाऊक आहे. तुमचं चुकतंय असंही मला म्हणता येत नाही. पण मुंशीशेजारी यंदा बसले नाही, तर नागपुरात कुणाचा हिशेब ठेवतेय हे मी कशावरून ओळखणार? पत्र तुम्ही तपासाल ना? जूनची तारीख घालू, की फळी संपल्यावर असं लिहू?

मामा : तारीख घाल. नागपूरला फळी कुणाला कळणार?

भाची : मग फळी म्हणजे काय, तेही एका ओळीत लिहिते.