ममतेचे माप

ज्याच्यावर आपले प्रेम आहे त्याला आपण किती द्यावे? प्रश्न जुनाच आहे. परंतु घरच्या बागेत लव्हेंडर लावणाऱ्यास तो झारी हाती घेताच नव्याने पडतो.

हे झुडूप मूळचे भूमध्य समुद्राभोवतालच्या डोंगरउतारांवरचे. खडकाळ, निकस जमीन, प्रखर ऊन आणि कोरडा उन्हाळा यांत त्याची घडण झाली. आपण मात्र त्याला कसदार मातीत लावतो, शेणखत घालतो आणि तुळशीप्रमाणे नित्यनेमाने पाणी देतो. खताने पाला माजतो, फुले उणावतात. ओल साचली की मुळे कुजतात. त्यातही फसगत अशी, की मुळे कुजलेले झाड तहानेल्या झाडासारखेच मलूल दिसते, आणि पाहणारा कळवळून आणखी पाणी ओततो. हेतू निर्मळ, कष्टही खरे. तरी झाड मरते. मग त्या कृतीस प्रेम म्हणावे काय?

मला वाटते, पूर्ण प्रेम म्हणू नये. देण्याने देणाऱ्याचे समाधान होते, आणि त्या समाधानालाच आपण घेणाऱ्याचे हित समजून बसतो. मातीत बोट खुपसून ती कोरडी झाली आहे का हे पाहणे, पाणी ओतण्यापेक्षा नीरस खरे. पण झाडाची विचारपूस तेवढ्यातच आहे. वृद्ध आईच्या हातचे प्रत्येक काम मायेने काढून घेणाऱ्या मुलांनाही ही विचारपूस अवघड जाते.

याचा अर्थ त्याला वाऱ्यावर सोडावे असा नव्हे. तळाला भोक असलेली मातीची कुंडी, मातीत भरपूर जाड वाळू, निदान सहा तास ऊन आणि पावसाळ्यात वळचणीचा आसरा, एवढे त्याला हवेच. बहर ओसरल्यावर कोवळे शेंडे छाटावेत. जून लाकडापर्यंत कात्री नेऊ नये, तेथून फुटवा क्वचितच येतो. जम्मूतील भद्रवाहच्या थंड डोंगराळ भागात आज शेतकरी तेलासाठी लव्हेंडर पिकवतात. दमट किनाऱ्यावर राहणाऱ्याने मात्र त्याचा हट्ट धरू नये, जाई लावावी. कोणाला आपल्या अंगणात न आणणे, हीही कधी कधी त्याची काळजीच असते. (लव्हेंडरच्याच वंशातील काही रानटी जाती सह्याद्रीत कोणी न लावता फुलतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते.)

पहिल्या कळ्या उमलू लागताच देठांसह तोडून त्यांची जुडी बांधावी व हवेशीर सावलीत उलटी टांगावी. वाळलेली फुले सुती पुरचुंडीत घालून लोकरी कपड्यांत ठेवली, की कसर दूर राहते, असा जुन्या गृहिणींचा अनुभव आहे.