पगार इंग्रजीचा, लेखणी मराठीची

मराठीच्या वाट्याला आजवर चार ज्ञानपीठ पुरस्कार आले. १९७४ साली वि. स. खांडेकर, १९८७ साली वि. वा. शिरवाडकर, २००३ साली विंदा करंदीकर आणि २०१४ साली भालचंद्र नेमाडे. खांडेकर शिरोड्याच्या शाळेतले मास्तर, शिरवाडकरांनी वृत्तपत्रांत उमेदवारी केलेली. उरलेल्या दोघांची चूल मात्र कॉलेजातल्या इंग्रजी विभागावर पेटत होती. आयुष्यभर फक्त मराठीच शिकवली असा प्राध्यापक या यादीत एकही नाही.

यात मराठी विभागांना टोमणा नाही, आणि हे फक्त महाराष्ट्रातच घडलं असंही नाही. उर्दूचं ज्ञानपीठ १९६९ साली ज्यांना मिळालं ते फिराक गोरखपुरी अलाहाबाद विद्यापीठात इंग्रजी शिकवत. त्याच विभागातले हरिवंशराय बच्चन केंब्रिजला जाऊन येट्सवर पीएच.डी. करून आले आणि हिंदी कवी म्हणून ओळखले गेले. कन्नडचे वि. कृ. गोकाक सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात होते, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या लक्षात राहिलेलं नाही. यू. आर. अनंतमूर्ती बर्मिंगहॅमला इंग्रजीतल्या डॉक्टरेटसाठी गेले आणि तिथे बसून त्यांनी ‘संस्कार’ लिहिली, कन्नडमध्ये.

म्हणजे इंग्रजीच्या प्राध्यापकाची कारकीर्द आपल्याकडे दोन वह्यांत लिहिली जात आली आहे. एक कॉलेजच्या कार्यालयातलं सेवापुस्तक. त्यात नेमणुकीची तारीख, वेतनवाढ, अर्जित रजा, बदली, निवृत्ती एवढंच चढतं. दुसरी वही घरच्या टेबलावर. तिच्याकडे ना प्राचार्यांचं लक्ष, ना विद्यापीठाचं. महाराष्ट्राला ज्यांचं नाव ठाऊक आहे, त्यांचं नाव बहुतेक वेळा या दुसऱ्या वहीमुळे ठाऊक आहे.

असं का झालं? सोपं उत्तर नेहमी दिलं जातं: इंग्रजी वाचल्यामुळे नवे वाङ्मयप्रकार कळले, एलियट कळला, काफ्का कळला, मग ते मराठीत आले. हे खोटं नाही, पण अपुरं आहे. एलियट वाचणारे शेकड्यांनी होते आणि त्यांतल्या बहुतेकांनी नोट्सपलीकडे एक ओळ लिहिली नाही. खरं कारण जरा रुक्ष आहे. ते या नोकरीच्या रचनेत आहे.

धुळ्याच्या किंवा अमरावतीच्या कॉलेजात बसून शेक्सपिअरवर नवं काय सांगणार? जुन्या आवृत्त्या, हस्तलिखितं, पत्रव्यवहार, सगळं लंडन-ऑक्सफर्डला. नियतकालिकं महिन्यांनी उशिरा येणार, तीही ग्रंथालयाला परवडली तर. मुळात हा विषय इथे रुजला तो राज्यकारभाराच्या सोयीसाठी. मुंबई विद्यापीठ १८५७ सालचं, आणि खुद्द ऑक्सफर्डात इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला १८९४ साली. त्या ऑक्सफर्डात १९०४ साली इंग्रजी साहित्याच्या अध्यासनावर आलेले वॉल्टर रॅले त्याआधी अलीगढच्या कॉलेजात शिकवून गेले होते! विषय इथे आधी आला खरा, पण त्यातलं संशोधन कायम तिकडचंच राहिलं. इथल्या प्राध्यापकाकडे आली फक्त शिकवणी.

मग हुशार माणसाची बुद्धी मोकळी उरते. ती कुठेतरी लागायला हवी. आणि बाहेर मराठीत सगळं रान मोकळं होतं: सौंदर्यशास्त्र नव्यानं मांडायचं होतं, कादंबरीची समीक्षा उभी करायची होती, ‘सत्यकथे’ची आणि वाईच्या ‘नवभारत’ची पानं वाट पाहत होती. शिवाय मराठीत लिहिताना या माणसाला विभागप्रमुखाची मर्जी राखायची नव्हती, कुणाचं पुस्तक अभ्यासक्रमाला लावायचं नव्हतं, मराठीच्या अभ्यासमंडळावर जायचं नव्हतं. भावकीत नसलेल्या माणसाला बांधावरून जे स्पष्ट दिसतं आणि बोलता येतं, तेवढी मोकळीक त्याला आयती मिळाली.

रा. भा. पाटणकरांचं उदाहरण मला यात सगळ्यात बोलकं वाटतं. सरकारी कॉलेजांतून इंग्रजी शिकवत ते मुंबई विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात आले आणि विभागप्रमुख झाले. १९६९ साली त्यांनी सौंदर्यशास्त्र आणि समीक्षेवर इंग्रजीत एक ग्रंथ लिहिला. आपल्या विषयातल्या प्राध्यापकानं करावं तेच केलं. आज तो किती जणांनी पाहिलाय? १९७४ साली मौज प्रकाशनानं त्यांची ‘सौंदर्यमीमांसा’ काढली आणि दुसऱ्याच वर्षी तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

हा ग्रंथ काही सोपा नाही. कला ही जगण्यातल्या इतर व्यवहारांपासून तुटलेली, स्वयंपूर्ण गोष्ट आहे असं मानणारे एका बाजूला. ती माणसाच्या भावना, नीती, ज्ञान यांच्यातच रुजलेली आहे असं मानणारे दुसऱ्या बाजूला. पाटणकर पहिल्यांना अलौकिकतावादी म्हणतात, दुसऱ्यांना लौकिकतावादी, आणि कांटपासून मर्ढेकरांपर्यंत एकेकाला उलटतपासणीला उभं करतात. शेवटी त्यांचं म्हणणं असं, की आपली सौंदर्याची कल्पनाच द्विध्रुवात्मक आहे. दोन्ही टोकं खरी, आणि एका टोकावरून दुसरं मोडून काढता येत नाही. हा वाद इंग्रजीत घातला असता तर तो परदेशी तत्त्वज्ञांच्या भाऊगर्दीत एक आवाज ठरला असता. मराठीत मात्र मर्ढेकरांच्या लयतत्त्वावर पिढीभर चाललेल्या भांडणाला त्यामुळे पायाशुद्ध व्यासपीठ मिळालं. वाचकाला दमवणारी, पण दमलेल्याला काहीतरी देऊन परत पाठवणारी अशी समीक्षा मराठीत मोजकीच आहे.

खुद्द मर्ढेकरही काही काळ इंग्रजीचेच अध्यापक होते, पुढे आकाशवाणीत गेले. त्यांचं ‘आर्ट्स अँड मॅन’ १९३७ सालचं, इंग्रजीतलं. पण पिढ्या भांडल्या त्या त्यांच्या मराठी लेखांवर आणि मराठी कवितांवर.

कुसुमावती देशपांडे यांचं नाव या चर्चेत हमखास राहून जातं. लंडनला इंग्रजीची पदवी घेऊन त्या नागपुरात इंग्रजीच्या प्राध्यापक झाल्या. त्या काळी वर्गात बसणाऱ्या मुलीच मोजक्या, तिथे शिकवणारी बाई किती एकटी असेल याचा अंदाज करता येतो. कथा त्यांनी मराठीत लिहिल्या, आणि ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ हा अभ्यासही मराठीतच. १९६१ साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या स्त्री. मराठीच्या संमेलनाची पहिली स्त्री अध्यक्ष इंग्रजी विभागातून यावी, हा काही निव्वळ योगायोग नव्हे.

करंदीकरांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांनी वर्गातलं आणि घरातलं काम एकमेकांत मिसळून टाकलं. अॅरिस्टॉटलचं काव्यशास्त्र एम.ए.च्या वर्गात शिकवलं जातं. त्यांनी ते १९५७ साली मराठीत आणलं. ‘फाउस्ट’चा पहिला भाग १९६५ साली, ‘राजा लिअर’ १९७४ साली. ‘लिअर’ शिकवणारे इंग्रजीचे प्राध्यापक गावोगाव होते. मुलांना अडलेल्या ओळी मराठीतून समजावणारेही होते, कारण त्याशिवाय तास पुढे सरकत नसे. करंदीकरांनी ते तोंडी काम कागदावर आणलं, छंदाच्या शिस्तीनं. आणि हा माणूस तिथेच थांबला नाही. ज्ञानेश्वरांचा ‘अमृतानुभव’ही त्यांनी अर्वाचीन मराठीत केला. ज्या कवीनं शेक्सपिअरला तुकोबांच्या भेटीला आणलं, त्याला ही दोन्ही घरं सारखीच परिचयाची होती.

एवढं वाचून कुणाला वाटेल, काय सोन्याचे दिवस होते! त्यावर उतारा म्हणून नेमाड्यांच्या चांगदेव पाटलाला भेटावं. ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’ या १९७५ ते १९७९ दरम्यानच्या चार कादंबऱ्यांचा हा नायक गावोगावच्या कॉलेजांत इंग्रजीची लेक्चररकी करत हिंडतो. संस्थाचालकांची दादागिरी, स्टाफरूममधले जातीचे कंपू, सुट्टीत नोकरी जाईल का ही धास्ती, भाड्याच्या खोल्या, खानावळी, वर्षाअखेरीला पुन्हा अर्ज. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली निघालं, शिवाजी विद्यापीठ १९६२ साली, आणि मग तालुक्या-तालुक्यात कॉलेजं उभी राहिली. घरात पहिल्यांदाच कॉलेजला आलेला शेतकऱ्याचा मुलगा सक्तीच्या इंग्रजीत अडकायचा. त्याला वर्ड्‌स्वर्थची फुलं समजावण्यासाठी जो माणूस नेमला होता, त्यालाही आपण इथे का आहोत हे नीट सांगता येत नव्हतं. उच्च शिक्षणाच्या या विस्ताराचा इतका तपशीलवार दस्तऐवज समाजशास्त्राच्या पुस्तकांतसुद्धा मिळणार नाही.

नेमाडे स्वतः अहमदनगर, धुळे, औरंगाबाद असे फिरले. लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत शिकवून आले, गोवा विद्यापीठात इंग्रजीचे प्रमुख झाले, शेवटी मुंबई विद्यापीठात तौलनिक साहित्याच्या अध्यासनावर बसले. इंग्रजीच्या पगारावर राहून इंग्रजीच्या वर्चस्वावर सगळ्यात कडक हल्ला याच माणसानं केला, म्हणून त्यांना ढोंगी म्हणणारे पुष्कळ. हा आरोप उथळ आहे. इंग्रजीनं मराठी गद्याचं काय केलं हे पाहायला दोन्ही भाषांत रोज वावरणारा माणूस लागतो. नेमाड्यांचा त्या विषयावरचा इंग्रजीतला अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. त्यांचा देशीवाद, म्हणजे आपल्या भाषेच्या परंपरेतच मुळं शोधण्याचा आग्रह, पटो न पटो, तो इंग्रजी विभागाच्या आतूनच येऊ शकत होता.

विलास सारंग नेमके उलट्या दिशेचे. मुंबईत एक डॉक्टरेट, अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात दुसरी, मग इराकमध्ये बसरा विद्यापीठात नोकरी, परत येऊन मुंबई विद्यापीठात इंग्रजीचे प्रमुख, पुढे कुवेत. ‘एन्कीच्या राज्यात’ ही १९८३ सालची कादंबरी म्हणजे बसऱ्यातल्या त्या प्राध्यापकीची थेट पैदास. मराठी लेखक आखाती देशात शिकवायला जातो आणि हुकूमशाहीच्या सावलीतली कादंबरी घेऊन येतो, हेही इंग्रजीच्या पदवीमुळेच शक्य झालं. देशीवाद्यांना सारंग परके वाटले, इंग्रजीवाल्यांना अर्धेमुर्धे. पण कारकिर्दीच्या दृष्टीनं नेमाडे आणि सारंग यांचं एक साम्य आहे: दोघांच्याही विभागानं त्यांच्या मराठी लेखनाबद्दल त्यांना काही विचारलं नाही.

विभागानं न विचारणं हीच या परंपरेची खरी मिळकत होती असं मला वाटतं. दुर्लक्ष झालं म्हणून काम झालं.

२०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगानं एपीआय नावाची गुणमोजणी आणली आणि सेवापुस्तक घरच्या टेबलापर्यंत येऊन पोहोचलं. आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला ५० गुण, राष्ट्रीय प्रकाशकाला २५, स्थानिकाला १५. प्रकाशक स्थानिक कोणता आणि राष्ट्रीय कोणता, यावर स्टाफरूममध्ये पुष्कळ खल झाला. २०१८ च्या नियमावलीनं तक्ता बदलला. आता मानव्यविद्यांत एका शोधनिबंधाला १० गुण आहेत आणि अनुवादित पुस्तकाला ८. म्हणजे करंदीकर आज नोकरीत असते, तर त्यांच्या ‘फाउस्ट’चं वजन कुठल्या तरी चर्चासत्राहून परतताना खरडलेल्या सात-आठ पानांच्या निबंधापेक्षा दोन गुणांनी कमी भरलं असतं. त्याच तक्त्यात पेटंटचाही रकाना आहे. इंग्रजी साहित्याच्या माणसानं तिथे काय लिहावं, हा एक गमतीचा प्रश्न.

गुण मोजायला लागल्यावर माणूस मोजण्याजोगंच करतो. निबंध छापून देणारी नियतकालिकं पैसे घेऊन निघाली. आयोगानं त्यावर मान्य नियतकालिकांची यादी काढली, यादीत शिरण्याच्या वाटा निघाल्या, आणि २०२५ साली ती यादीही बंद झाली. या सगळ्या धावपळीत पाटणकरांसारखं वर्षानुवर्षं एका ग्रंथाला देणं म्हणजे कॅसची (करिअर अॅडव्हान्समेंट स्कीमची) बढती लांबवून घेणं.

तरुणांची गोष्ट तर त्याहून अवघड. नेट-सेट झालेला, पीएच.डी. असलेला इंग्रजीचा माणूस आज तासिका तत्त्वावर दोन कॉलेजांत तास घेतो, सुट्ट्यांचे महिने बिनपगारी काढतो आणि संध्याकाळी स्पोकन इंग्लिशचे क्लास चालवतो. चांगदेव पाटलाला निदान पूर्ण पगार होता. रिकामा वेळ ही दुसऱ्या वहीची पहिली गरज, आणि तीच आता परवडत नाही.

या गुणमोजणीच्या बऱ्याच आधी एका प्राध्यापकानं वेगळा रस्ता धरला होता. भोरचे गणेश देवी शिवाजी विद्यापीठात शिकले आणि बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. ‘आफ्टर अॅम्नेशिया’ या १९९२ सालच्या पुस्तकात त्यांनी दाखवलं, की आधुनिक भारतीय समीक्षेला स्वतःच्या भाषापरंपरांचं विस्मरण झालं आहे. त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे त्यांनी भारतीय समीक्षेचं जे इंग्रजी संकलन केलं, त्यात मर्ढेकर, पाटणकर आणि नेमाडे हे तिघंही आहेत. पण १९९६ साली, नोकरीची वर्षं शिल्लक असताना, देवींनी विद्यापीठ सोडलं आणि ते आदिवासींच्या भाषांकडे वळले. तेजगढची आदिवासी अकादमी उभी राहिली. त्यांच्याच पुढाकारानं २०१० साली सुरू झालेल्या लोकभाषा सर्वेक्षणात ७८० भाषांची नोंद झाली, आणि त्यातला महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला.

सर्वेक्षणाच्या या कामात शाळामास्तर होते, कार्यकर्ते होते, त्या त्या भाषेचे बोलणारे होते आणि कॉलेजातले प्राध्यापकही होते. नोकरीतल्या प्राध्यापकांनी ते आपलं रोजचं काम सांभाळून, रजा टाकून केलं.