विरळ वस्तीचा युक्तिवाद

केंद्र सरकारने सप्टेंबर 2025 मध्ये नागरी ड्रोनसंबंधीच्या नव्या विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला, तेव्हा अपेक्षेप्रमाणे दोन बाजूंनी ओरड झाली. उद्योगवाले म्हणाले, 2021 च्या नियमांनी जे मोकळे केले ते पुन्हा बांधून टाकता आहात. दंडाच्या जोडीला तुरुंग आणलात तर कोणता तरुण या धंद्यात उतरेल? दुसरी बाजू सुरक्षावाल्यांची. त्या वर्षीच्या मे महिन्यात सीमेवर ड्रोनचे थवे आले, तेव्हापासून त्यांना लग्नाच्या मांडवावरचा कॅमेराही संशयास्पद वाटू लागला आहे. दोघेही वरच पाहत होते. ड्रोन ज्याच्या डोक्यावरून जातो तो माणूस या वादात आला तो विम्याच्या कलमातला ‘तृतीय पक्ष’ म्हणून, तेवढ्यापुरता.

सुरक्षावाल्यांशी मला फारसे बोलायचे नाही. सरसकट बंदी आपण करून पाहिली आहे. ऑक्टोबर 2014 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने खासगी ड्रोनना मनाई केली आणि पुढची चार वर्षे सगळे राजरोस उडवत राहिले. खासगीपणाच्या हक्काची बाजू मांडणाऱ्या वकिलांचे म्हणणे खरे आहे, पण ते कोर्टात पोहोचू शकणाऱ्यांपुरतेच. माझे भांडण तिसऱ्याच एका मताशी आहे. ते मसुद्यात नाही, घोषणेतही नाही. चर्चासत्रात चहा घेताना मात्र हमखास ऐकू येते: ‘अहो, नियम शहरासाठी ठीक आहेत. तिकडे शहापूर-मुरबाडच्या रानात वस्तीच विरळ. पडला ड्रोन, तर पडून पडून कुणाच्या अंगावर पडणार?’

हे मत बोलणाऱ्याला सहृदय वाटते. मागास भागाला नव्या यंत्राचा लाभ आधी मिळावा, उगाच कागदपत्रांत अडकू नये, अशी त्यामागची भावना असते. शिवाय नियमांची रचनाही त्याला पोषक आहे. 25 ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांनी अर्जांची संख्या 25 वरून 5 वर आणली, शुल्काचे 72 प्रकार होते ते 4 केले, आणि पुढच्याच महिन्यात देशाचा नकाशा हिरव्या, पिवळ्या, लाल रंगांत रंगवून दिला. लाल-पिवळा शिक्का ज्या जागेवर नाही ती हिरवी. तिथे 400 फुटांपर्यंत उडवायला परवानगी लागत नाही. पिवळी हद्द पूर्वी विमानतळापासून 45 किलोमीटरपर्यंत होती, ती 12 वर आली. हे सारे करणाऱ्यांनी काही पाप केले असे मी म्हणणार नाही. आधीचा कारभार हास्यास्पदच होता. पण या नकाशात मोजले आहे ते मुख्यतः विमानतळापासूनचे आणि संवेदनशील ठिकाणांपासूनचे अंतर. ड्रोन विमानाला धडकू नये याची काळजी त्यात आहे. खाली कोण आहे, हा प्रश्न त्या रंगाला विचारलेलाच नाही. जमिनीचे काम एका सर्वसाधारण वाक्यावर सोडून दिले आहे: कुणाच्या जीविताला वा मालमत्तेला धोका होईल असे उडवू नये.

याच शहापूर तालुक्यात कसाऱ्याच्या अलीकडे उंबरमाळी स्टेशन आहे. बाजूने नाशिकचा महामार्ग, रुळांवर पंचवीस हजार व्होल्टची तार, मधूनच डोंगर ओलांडणाऱ्या उच्चदाबाच्या वाहिन्या, आणि त्यांच्यामध्ये साग, माळ, भाताची खाचरे, पाडे. विमानतळ जवळपास कुठेच नाही. नकाशाच्या भाषेत असा मुलूख म्हणजे मोकळे आकाश, आणि चहावाल्या विद्वानाच्या भाषेत मोकळी जमीन. यातले दुसरे विधान तपासून पाहू.

विरळपणा हा जनगणनेचा आकडा आहे. जनगणना माणूस कुठे राहतो ते लिहिते, काम कुठे करतो ते लिहीत नाही. जुलैमध्ये या तालुक्यातले एखादे खाचर पाहा. आठ-दहा बायका एका ओळीत कमरेतून वाकलेल्या, पाय पोटरीपर्यंत चिखलात, डाव्या हातात रोपाची मूठ, उजव्या हाताने आवणी चाललेली. डोक्यापासून कमरेपर्यंत इरले किंवा प्लॅस्टिकचा कागद. पावसाचा मारा त्या कागदावर एवढा आवाज करतो की बांधावरून मारलेली हाकही दोनदा मारावी लागते. त्या क्षणी त्या खाचरातली दाटी दादरच्या फलाटाएवढी असते. आणि फलाटावरचा माणूस निदान वर पाहू शकतो, बाजूला होऊ शकतो. चिखलात रुतलेल्या पायांनी कुणी उडी मारत नाही.

हीच दाटी मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहाखाली असते, पावसाळ्यानंतर गवताच्या कापणीला माळावर जाते, दिवाळीनंतर कातकरी कुटुंबांबरोबर वीटभट्टीवर जाते. ती फिरती आहे. वर्षाची सरासरी काढली की नाहीशी होते, इतकेच.

बरे, ड्रोन तरी सरासरीत उडतो का? धंद्याचा ड्रोन रिकाम्या रानावर उडवायला पैसे कोण देतो? तो लग्न-हळदीवर उडतो. बैलगाडा शर्यतीवर उडतो, कारण मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतीचा कायदा वैध ठरवल्यापासून घाटाभोवती गर्दी आहे आणि त्या गर्दीचेच चित्रण विकले जाते. माहुलीच्या सुळक्यांवर आणि माळशेजच्या धबधब्यांवर तो पावसाळ्यात, म्हणजे पर्यटक असतात तेव्हा उडतो. फवारणीचा ड्रोन पीक उभे असताना येतो, म्हणजे शेजारच्या खाचरात बेणणी चाललेली असताना. रस्त्याच्या कामावरचा ड्रोन मजूर कामावर असताना काम मोजतो. यंत्र आणि माणसे एकाच वेळी एकाच जागी यावीत अशी या धंद्याची घडणच आहे. सरासरी वस्तीचा आकडा काढून धोका मोजणारा, हे दोन्ही एकमेकांशी संबंध नसल्यासारखे फिरत असतात असे गृहीत धरतो. हिशेबात चूक आहे ती इथे, आणि ती जाणकारांकडून होते याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

तरी घटकाभर मान्य करू की अपघाताची शक्यता इथे शहरापेक्षा कमी आहे. ती बहुधा कमी आहेच. पण ज्या विरळपणाने शक्यता कमी होते त्याच विरळपणाने झालेली इजा मोठी होते. पाड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत झोळीतून आणलेल्या रुग्णांच्या बातम्या या तालुक्याला नव्या नाहीत. तिथून शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय आणि तिथून बहुतेक वेळा ठाणे. दहा लिटरची टाकी भरलेला फवारणीचा ड्रोन नियमांच्या ‘लहान’ वर्गात बसतो. हा वर्ग 2 ते 25 किलोंचा. असे धूड फिरत्या पात्यांसकट पंधरा फुटांवरून खांद्यावर आले, तर ठाण्यातल्या माणसाला जे टाक्यांवर निभावते ते इथे हात जाण्यापर्यंत जाऊ शकते.

आणि अपघात नोंदवायचा कोणी? नियम सांगतो, उडवणाऱ्याने, 48 तासांच्या आत, ‘डिजिटल स्काय’ या संकेतस्थळावर. जिथे बघणारे चार असतात तिथे लपवणे अवघड जाते. जिथे बघणारी एक गुराखी पोर असते तिथे नोंद होत नाही, आणि वर्षअखेर कोऱ्या रकान्याकडे बोट दाखवून तेच गृहस्थ म्हणतात, पाहा, तिकडे अपघात होतच नाहीत.

युरोपचा दाखला ते देतात म्हणून तोही घ्यायला हवा. तिथल्या 2019 च्या नियमावलीत वस्तीपासून दूर उडवणाऱ्याला सवलत आहे, हे खरे. पण ती दोन अटींवर: निवासी, व्यापारी आणि करमणुकीच्या जागांपासून आडवे 150 मीटर अंतर, आणि ज्यांचा त्या उड्डाणाशी संबंध नाही अशी माणसे त्या टापूत धोक्यात येणार नाहीत याची उडवणाऱ्याला रास्त खात्री. आमच्याकडे सवलत आयात झाली, खात्री तिकडेच राहिली.

विरळ वस्तीचा हा युक्तिवाद जुना आहे, हे शहापूरकरांना सांगायला नको. तानसा, वैतरणा, भातसा ही नावे घेतली की पुरे. मुंबईला पाणी देणाऱ्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर का फिरतो, याचे उत्तर ज्या कागदांत आहे त्यांतही ‘बाधित होणारी लोकसंख्या अत्यल्प’ अशा अर्थाची वाक्ये सापडतील. ड्रोनची तुलना धरणाशी करणे अति होईल. पण माणसे थोडी आहेत म्हणून त्यांना विचारण्याची गरजही थोडी, ही विचाराची सवय तीच आहे.

आता मला जे म्हणायचे आहे ते. नियम ड्रोनची वर्गवारी वजनावर करतात, जागेची रंगावर, उडवणाऱ्याची धंदेवाईक की हौशी यावर. 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनोला ना पायलटचा दाखला लागतो ना विमा. बाजारात 249 ग्रॅमचे कॅमेरे का खपतात ते यावरून कळावे. या सगळ्या वर्गवाऱ्या उपयोगी आहेत, पण खालच्या माणसांची वर्गवारी त्यांत कुठेच नाही, आणि माझ्या मते तीच पहिली हवी. ज्याने जोखीम पत्करली तो एक आणि ज्याच्यावर ती येऊन पडली तो दुसरा. फवारणी ज्याच्या शेतात चालली आहे तो शेतकरी आणि बांधापलीकडे बेणणी करणारी शेजारीण यांच्यात अंतर वीस फूट असेल. कायद्याला दोघे सारखे. पण त्याने ड्रोन बोलावला आहे, वेळ त्याला माहीत आहे, फायदा त्याचा आहे. तिला यातले काहीही नाही. नवरदेवाच्या बापाने मांडवावर ड्रोन फिरवला तर तो त्याच्या घरचा प्रश्न. वाजतगाजत वरात दुसऱ्याच्या अंगणावरून जाते तेव्हा तो तसा राहत नाही.

या भेदाला एक अवघड जागा आहे, ती लपवत नाही. 31 जुलै 2023 च्या मध्यरात्री सरळांब्यात समृद्धी महामार्गाच्या पुलाचा गर्डर बसवणारे यंत्र कोसळले आणि 20 माणसे गेली. ती कामावरची माणसे होती. त्यांनी जोखीम पत्करली होती असे म्हणणे हा क्रूरपणा आहे. मजुरी पत्करली होती. तेव्हा पत्करणे म्हणजे नुसते तिथे हजर असणे नव्हे. काय होणार आहे ते आधी कळणे आणि नाही म्हणण्याची सोय असणे, या दोन्ही गोष्टी असतील तरच पत्करणे. दुसरी गोष्ट गरिबाला क्वचित मिळते. पहिली तरी देणे आपल्या हातात आहे.

ती देणे अशक्य आहे हे म्हणणे मला मान्य नाही, कारण सरकारने ती दिलेली आहे. गावठाणांच्या मोजणीसाठी ड्रोन आणले गेले. पुण्यातल्या पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत त्याचा पहिला प्रयोग झाला, पुढे 24 एप्रिल 2020 ला स्वामित्व योजना जाहीर झाली. ड्रोन येण्याआधी ग्रामसभा झाली. लोकांनी आपापल्या घराच्या हद्दीवर चुन्याच्या रेघा मारल्या, कोपऱ्यावर शेजाऱ्याशी दोन शब्द झाले, रेघ फूटभर सरकली आणि मग यंत्र वर गेले. कुठले यंत्र, कुणाचे, कशासाठी, हे माहीत असण्यासाठी कुणाला संकेतस्थळ उघडावे लागले नाही. सरकारला लोकांच्या चुन्याची गरज होती म्हणून हे झाले, हे उघडच आहे. पण झाले. (पाडे बहुधा गावठाणाबाहेर, म्हणून त्यांच्या वाट्याला चुनाही नाही आणि मिळकत पत्रिकाही नाही, ही कथा वेगळ्या लेखाची.) कृषी मंत्रालयाच्या डिसेंबर 2021 च्या फवारणीसंबंधीच्या कार्यपद्धतीतही गावाला आगाऊ सूचना, क्षेत्राची आखणी आणि संबंध नसलेली माणसे-जनावरे दूर ठेवण्याची जबाबदारी आहे. म्हणजे विषासाठी सूचना लागते हे आपल्याला पटले आहे. धातूसाठी पटलेले नाही.

सूचना नसली की काय होते ते 2024 च्या जून-जुलैमध्ये दिसले. मराठवाड्यात, नगरकडे, पुण्याच्या शिरूर-आंबेगाव पट्ट्यात रात्री घिरट्या घालणाऱ्या ड्रोनमुळे गावेच्या गावे काठ्या घेऊन जागली. अफवा किती आणि ड्रोन किती, हा भाग वेगळा. शहरी वर्तमानपत्रांनी त्याची थट्टा केली आणि जनजागृतीचा सल्ला दिला. जनजागृती कशाची करणार? वर काय आहे हे गावाला कळण्याचा मार्गच नव्हता. मोटार अंगावर आली तर माणूस नंबर तरी पाहतो. ड्रोनवरचा नोंदणी क्रमांक चारशे फुटांवरून गरुडालाही वाचता येणार नाही. म्हणून ओळखू यायला हवा तो उडवणारा. हिरव्या पट्ट्यातही धंद्यासाठी उडवायचे तर आदल्या दिवशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नाव, मोबाइल, वेळ आणि जागा, उडवणाऱ्याच्या अंगात दुरून दिसणारे जाकीट, उडवण्याआधी शिट्टी. परवानगी मी मागत नाही. परवानगी मागितली की सरपंचाच्या खिशाचा प्रश्न येतो. मागतो आहे ती फक्त वर्दी. शहापूर तालुका पाचव्या अनुसूचीतला, पेसा कायद्याखालचा. तिथे ग्रामसभेला गौण खनिजावर बोलता येते, तर डोक्यावरून काय जाते आहे हे कळायला हरकत नसावी.

ड्रोन दीदी योजनेकडे मी थोड्या आशेने पाहतो ते याच कारणाने. बचतगटातली बाई फवारायला येते तेव्हा तिचे घर सगळ्यांना माहीत असते. पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणाने ती किती निष्णात होते याबद्दल शंका घ्यायला जागा आहे, पण वर्दी देण्यासाठी तिला फळाही लागत नाही.

तातडीच्या उड्डाणांचे काय, असे विचारले जाईल. डिसेंबर 2021 मध्ये शेजारच्या पालघर जिल्ह्यात जव्हारहून झापला करोना लसीचे 300 डोस ड्रोनने गेले, वीसेक किलोमीटर, दहा मिनिटांच्या आत. असे उड्डाण फळ्यासाठी थांबवा असे कोण म्हणेल? पण औषधाची वाट ठरलेली असते. दवाखाना कुठे, उपकेंद्र कुठे, मधले पाडे कोणते, हे आधीच माहीत असते. ती वाट वर्षातून एकदा सांगून ठेवता येते.

खरी अडचण दुसरी आहे आणि ती मला सुटलेली नाही. ग्रामपंचायतीचा फळा गावात, पाडा तिथून चार-पाच किलोमीटर डोंगरात, आणि नोव्हेंबर ते मे पाड्यातली अर्धी माणसे भिवंडी-कल्याणकडच्या भट्ट्यांवर. भट्टीच्या ग्रामपंचायतीत त्यांची नावे नसतात, पाड्याच्या फळ्यापाशी ती स्वतः नसतात. भट्टीवर मालकासाठी विटांचे थर मोजायला ड्रोन आला, तर वर्दी त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचवायची? मालकाने, असे नियमात लिहिता येईल. भट्टीमालक आजवर कोणते नियम पाळत आला आहे हे ज्यांना माहीत आहे, त्यांनी यापेक्षा बरे काही सुचवले तर मी माझे वाक्य खोडीन.