अस्थानी हसू

दर वर्षी 14 जानेवारी जवळ आली की मराठी माणसावर एक आरोप नव्याने ठेवला जातो. अलीकडे एका व्याख्यानात तो फार कडक शब्दांत ऐकला. 1761 साली पानिपतच्या ज्या रणात एका दिवसात आपली एक पिढी कापली गेली, त्याचं आपण काय केलं? परीक्षेत आपटलो की ‘पानिपत झालं’ म्हणून दात काढतो. त्या रणभूमीवरच्या काला अंबच्या स्मारकापुढे उभे राहून हसत फोटो काढतो. असा समाज मुर्दाड असतो, असं वक्ते म्हणाले आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्यांचा राग आला. तो अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितो आहे.

उसने पैसे बुडवलेल्या माणसाविषयी आपल्याकडे सहज म्हणतात, ‘विश्वास तर पानिपतातच गेला.’ या वाक्यातला विश्वास म्हणजे नानासाहेब पेशव्यांचा थोरला मुलगा. 1742 चा जन्म, म्हणजे गोळी लागली तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. अठरा वर्षांच्या पोराच्या मरणावर कोटी करणारा समाज मुर्दाड नाही तर काय, असं कुणी विचारेल. विचारणाऱ्याने हे वाक्य बोलणाऱ्याचा चेहरा एकदा नीट पाहावा. ओठ एका बाजूला ओढले जातात, हवा नाकातून सुटते, नजर खाली जाते. या हसण्याला मराठीत कसंनुसं हसणं म्हणतात. पोटभर हसणाऱ्याची नजर खाली जात नाही. फिदीफिदी हसणाऱ्याची तर नाहीच.

हा चेहरा भरताने पाहिला होता. नाट्यशास्त्रात त्याने हास्याचे सहा प्रकार सांगितले: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या पात्रांना, मधले दोन मध्यमांना, शेवटचे दोन अधमांना. यातलं अपहसित म्हणजे भलत्या जागी फुटलेलं हसू. डोळ्यांत पाणी येतं, खांदे आणि डोकं हलू लागतं. इतकं अचूक निरीक्षण केल्यावर भरताने ते अधमाच्या पदरात का टाकलं, हा माझा त्याच्याशी जुना तंटा आहे. डोळ्यांत पाणी असलेला माणूस हसतो आहे, एवढ्यावरून त्याची प्रकृती हलकी ठरत असेल, तर मर्तिकाच्या घरी तोंडाला पदर लावून खुसखुसणाऱ्या सगळ्या सुना अधम ठरतात. खांदे हलणारी बाई हसते आहे की रडते आहे, हे पाठमोरं कुणालाही सांगता येत नाही, कधीकधी तिलाही नाही. भरत नटांसाठी लिहीत होता आणि रंगमंचावरच्या राजाने खांदे गदागदा हलवू नयेत हे मला मान्य आहे. पण ती उतरंड रंगमंचावर राहिली नाही. ती वर्गात आली. छडी खाताना ज्याचं तोंड कसंनुसं होतं, त्याला ‘वर दात काढतोस?’ म्हणून दुसरी छडी बसते. पहिली चुकीबद्दल असते, दुसरी निव्वळ चेहऱ्याबद्दल. व्याख्यात्यांची जात या दुसऱ्या छडीची आहे.

हर्बर्ट स्पेन्सरने 1860 साली लिहिलं की मज्जातंतूंतला जोर साठला आणि त्याला नेहमीची वाट मिळाली नाही की तो हसण्यावाटे बाहेर पडतो. वाफेच्या इंजिनाच्या काळातला तो विचार आहे. त्यात माणूस सापडत नाही, म्हणून मी तिथे थांबत नाही.

माणूस सापडतो तो स्टॅनली मिलग्रामच्या 1963 सालच्या निबंधात. येलमधल्या त्या प्रयोगात 40 पुरुषांना सांगितलं होतं की शेजारच्या खोलीतला माणूस चुकला की त्याला विजेचा झटका द्यायचा, आणि दर चुकीला झटका वाढवायचा. झटके खोटे होते, पण बटण दाबणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. 40 पैकी 14 जण हसू लागले. तिघांना तर हसण्याची अशी उबळ आली की ती आवरेना, आणि एकाच्या वेळी प्रयोगच थांबवावा लागला. आपल्याला दुसऱ्याच्या यातनेत मौज वाटत नव्हती, असं ते नंतर कळवळून सांगत होते. माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे. हे हसू म्हणजे निर्दयपणा असतो, हा आरोप माझ्या मते इथे निकालात निघतो.

पण त्याच निबंधातला दुसरा आकडा मला स्वस्थ बसू देत नाही. 40 पैकी 26 जणांनी शेवटचं, 450 व्होल्टचं बटण दाबलं. हसू हा अस्वस्थतेचा पुरावा होता. नकार मात्र तोंडाने वेगळा द्यावा लागत होता, आणि हसण्याने तो दिला जात नव्हता. हसणाऱ्यांची बाजू घेऊन मी इथवर आलो, आता मला ती बाजू अर्धी सोडावी लागते आहे. ‘पानिपत झालं’ म्हणताना आपल्या आत काहीतरी हलतं, हे खरं आहे. मात्र हसू सुटलं की मन मोकळं होतं, आणि पुढचा प्रश्न विचारायचा राहून जातो. करारी चेहऱ्याने वाहिलेल्या श्रद्धांजलीतही तो राहूनच जातो, म्हणून व्याख्यात्यांचा उपायही मला नको आहे.

प्रश्न भुकेचा आहे. मराठ्यांची फौज नोव्हेंबर 1760 पासून पानिपतात कोंडली गेली होती. लढणाऱ्यांच्या बरोबरीने यात्रेकरू होते, कारागीर होते, बायका होत्या, हजारोंनी होत्या. आपण त्यांना बाजारबुणगे म्हणून मोकळे होतो. तीर्थयात्रा घडेल म्हणून निघालेल्या या माणसांवर उपाशी मरायची पाळी आली, आणि 14 जानेवारीला लोक छावणीतून बाहेर पडले ते उपासमारीला कंटाळून. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी जे कापले गेले, जे गुलाम म्हणून हाकलून नेले गेले, त्यांत हे लोक किती होते, याची चर्चा आपल्याकडे सेनापती भाऊसाहेब हत्तीवरून कधी उतरले या चर्चेच्या पासंगालाही पुरत नाही. आणि वर्गात एखाद्या पोराने कसंनुसं हसत विचारलं, की गुरुजी, त्या बायाबापड्यांना बरोबर नेलंच कशाला, आणि त्यांचं धान्य कुठे अडलं, तर गुरुजींना छडी खाली ठेवून डिसेंबर 1760 मध्ये रसदीच्या मोहिमेवर असताना मारल्या गेलेल्या गोविंदपंत बुंदेल्यांपासून सुरुवात करावी लागेल.