साऱ्या सिडकोला सांगून झालं, आता डॉक्टरांना सांग

पुरे झालं. परवा फोनवर गुडघ्याचं सगळं रडगाणं गायलीस आणि शेवटी म्हणालीस, "बाई, आता हे असंच चालायचं." कोणी सांगितलं असंच चालायचं म्हणून? ज्यांनी गुडघा बदलला त्या डॉक्टरांनी? त्यांच्याकडे तर तू दिवाळीनंतर फिरकलेलीच नाहीस. मग हा निकाल दिला कोणी? तूच. तपासणी नाही, एक्स-रे नाही, रक्त तपासलेलं नाही, आणि निकाल मात्र तयार!

साठी ओलांडलीस, आजी झालीस, म्हणून मी तुला 'अहो' म्हणेन आणि गोडीगुलाबीने घेईन अशी आशा असेल तर सोड. आठवीच्या वर्गात बोलत होते तसंच बोलणार आहे.

दुखतं हे खोटं, असं मी म्हणत नाही. हे आधी ऐकून घे, म्हणजे नंतर फुरंगटून बसायला निमित्त उरणार नाही. गुडघा बदललेल्यांपैकी साधारण पाचात एकाला बऱ्यापैकी दुखणं मागे राहतं. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१२ साली वेगवेगळे अभ्यास एकत्र मांडून पाहिले, तेव्हा हे प्रमाण कुठे १० तर कुठे ३४ टक्क्यांपर्यंत निघालं. ऑपरेशन व्यवस्थित, एक्स-रेत सांधा जागच्या जागी, तरी दुखतं. असं होतं. तुझंही तसलंच असेल कदाचित. पण तुला ते कळलं कसं?

तू बँकेत कॅशला होतीस. दहा रुपये कमी आले तर रात्री आठपर्यंत बसून हिशेब लावायचीस, घरचे वाट बघत असले तरी. "असंच चालायचं" म्हणून गल्ल्याला कुलूप लावून कधी घरी गेलीस का? मग स्वतःच्या गुडघ्याच्या बाबतीत ही अक्कल कुठे गहाण ठेवलीस?

तुझ्या दुखण्याची खबर कोणाकोणाला आहे ते मोजू या का? शेजारणीला आहे. भाजीवालीला आहे. कर्णपुऱ्याच्या यात्रेत भेटलेल्या जावेला आहे. गुलमंडीवरच्या साडीवाल्यालासुद्धा आहे, कारण त्याने तुला बसायला स्टूल दिलं. नाही ती फक्त डॉक्टरांना! शेवटच्या खेपेला त्यांनी विचारलं, "कसं वाटतंय?" आणि तू म्हणालीस, "बरंय." ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं! का? मी सांगते का. खरं बोललं की पुढचा प्रश्न येतो: व्यायाम करता का? तो प्रश्न तुला नको होता. म्हणून "बरंय."

आता दुखण्याबद्दल. दुखणं म्हणजे एकच एक गोष्ट आहे असं तुला वाटतं, तिथेच सगळं फसलंय. पहिले काही महिने सूज राहते, गुडघा हाताला कोमट लागतो, ते बहुतेकांना होतंच. चिरेच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटतं, तेही नेहमीचं. कातडीची बारीक नस कापली जाते. पण मधे काही महिने बरं वाटून पुन्हा दुखायला लागलं तर? खुर्चीतून उठल्यावर पहिल्या चार पावलांना कळ येते आणि मग कमी होते, असं असेल तर? सांधा हाडापासून सैल होतोय का ते पाहावं लागतं. बसल्या जागी, रात्री झोपेतही ठणकतंय, गुडघा गरम आहे, चिरेतून पाणी येतंय, तर आत जंतू शिरलेत का ते तपासावं लागतं. शंभरात एखाद-दुसऱ्यालाच होतं हे, पण तुझी शुगर ज्या थाटात वर-खाली करते ते पाहता तू स्वतःला त्या नव्व्याण्णवांत धरू नकोस. साडीचा काठ घासला तरी आग होते म्हणतेस ना? ते नसेचं दुखणं असू शकतं. त्याची औषधं वेगळी. आणि कधी कधी गुडघ्यात काहीच नसतं, कंबर किंवा खुबा खराब असतो आणि दुखतं गुडघ्यात. यातलं तुझं कोणतं? सांग ना. नाही सांगता येत? मग "असंच चालायचं" कशाच्या जोरावर म्हणालीस?

बरं, डॉक्टर सोडून बाकी सगळं मात्र करून झालं. रोग रेड्याला, औषध पखालीला. मालिशवाली लावलीस. नी-कॅप आणलीस. कुणीतरी सांगितलं म्हणून वंगणाचं इंजेक्शन मिळेल का, ते विचारत फिरलीस. अगं, त्या सांध्यात आता कूर्चा उरलीय कुठे? धातू आहे आणि मधे प्लॅस्टिकची चकती आहे. वंगण घालणार कशाला? डॉक्टरांच्या तपासणीखेरीज बदललेल्या गुडघ्यात कोणालाही सुई टोचू द्यायची नाही. त्या सुईबरोबर जंतू आत गेला तर पुढचं सगळं रामायण तुला झेपणार नाही. दुखण्याच्या गोळ्या तर तू शेंगदाण्यासारख्या खातेस. बीपी आहे, शुगर आहे, वर रोजच्या या गोळ्या! मूत्रपिंडाचा विचार कोण करणार?

सगळ्यात मोठा पराक्रम राहिलाच. मार्चमध्ये गुडघा लाल झाला, तेव्हा घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या पाच गोळ्या घेतल्यास. लाली उतरली आणि तू खूश. आत जंतू असतील तर अशा अर्धवट गोळ्यांनी ते मरत नाहीत, लपतात. मग सांध्यातलं पाणी काढून प्रयोगशाळेत लावलं तरी त्यात काही उगवत नाही आणि डॉक्टर अंधारात चाचपडत बसतात. चोर पळून गेल्यावर कुलूप लावणारे पाहिलेत; तू तर त्याला मागच्या खोलीत लपायला जागा दिलीस. ही गोष्ट डॉक्टरांना सांगायची आहे. लाजत, मान खाली घालून, पण सांगायची आहे.

आता त्या तक्क्याबद्दल. संध्याकाळी मालिका बघताना गुडघ्याखाली तक्क्या घेऊन पडतेस. बरं वाटतं. वाटणारच! पण गुडघा तासन् तास वाकलेला राहिला की मागचे स्नायू आखडतात आणि पाय पूर्ण सरळ होईनासा होतो. पूर्ण सरळ न होणाऱ्या पायावर चाललं की मांडीवर ताण, कंबरेवर ताण, आणि पुन्हा दुखणं. म्हणजे दुखतं म्हणून तक्क्या आणि तक्क्यामुळे दुखणं. गुडघ्याखाली नाही, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघा खाली दाबायचा, पाचपर्यंत मोजायचं, सोडायचं. फिजिओने पहिल्या आठवड्यात हेच शिकवलं होतं ना? त्याचा कागद फ्रिजवर अजून चिकटलेला आहे, मी पाहिलाय. त्यावर धूळ आहे. ऑपरेशननंतर महिनाभरात मांडीच्या पुढच्या स्नायूचं बळ निम्म्याहून कमी होतं. ते आपोआप परत येत नाही, कमवावं लागतं.

कोनमापक हातात धरायला मीच शिकवलं तुला. सपाटीवर चालायला गुडघा सत्तर अंश वाकला तरी भागतं, जिन्याला नव्वदच्या आसपास लागतात, बुटक्या खुर्चीतून उठायला त्याहून जास्त. तुझा किती वाकतो? मोजलास कधी? पहिल्या तीनेक महिन्यांत गुडघा ताठ राहिला तर भूल देऊन तो वाकवून मोकळा करता येतो. तुला तेव्हा बोलावलं होतं. तू लग्नाला गेलीस. आता वाट लांबची आहे, पण बंद झालेली नाही.

सबबी तर काय एकेक! म्हणे, "सरकारने सांधे स्वस्त केले ना, म्हणून हलका सांधा बसवला असेल." १६ ऑगस्ट २०१७ ला सरकारने दर बांधले. जो कोबाल्ट-क्रोमचा सांधा दीड लाखाच्या वर विकला जात होता, त्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये केली. कमी झाला तो नफा. धातू तोच राहिला. दुसरी सबब वाजपेयींची. "पंतप्रधानांना तरी कुठे नीट चालता येत होतं?" अगं, ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडीत त्यांचा एक गुडघा बदलला, जून २००१ मध्ये दुसरा. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर चित्तरंजन रानावत. पंच्याहत्तरी उलटलेला माणूस, आणि दुसऱ्या ऑपरेशननंतर जेमतेम महिनाभराने आग्र्यात मुशर्रफांसमोर वाटाघाटीला बसला. हळू चालले असतील. घरी बसून राहिले नाहीत.

आणि तिसरी सबब, "व्यायामाला वेळ कुठे आहे?" नळाला चार-सहा दिवसांनी रात्री दोन वाजता पाणी येतं, तेव्हा ड्रम आणि बादल्या भरायला तुझे पाय बरोबर चालतात. त्या रात्री गुडघा आठवत नाही. भरलेली बादली उचलून दोन पायऱ्या चढतेस, ते चालतं; पण दहा मिनिटं जमिनीला समांतर पाय उचलायचा म्हटलं की दुखतं. बादल्या मुलाला उचलू दे.

तपासून काहीच सापडलं नाही तर? तेही होऊ शकतं. मग "पुन्हा उघडून बघा" असा हट्ट धरायचा नाही. कारण न सापडता केलेल्या दुसऱ्या ऑपरेशनने बहुतेकदा पदरात फार काही पडत नाही. नसेची औषधं आहेत, वेदनांवर उपचार करणारे वेगळे डॉक्टर आहेत, व्यायाम आहे, वजन कमी करणं आहे. दुखणं शून्यावर येणार नाही कदाचित. पण शून्य नाही म्हणून प्रयत्नही नाही, हे गणित मी तुला शिकवलेलं नाही.

एका डॉक्टरांवर विश्वास बसत नसेल तर दुसरं मत घे. बीड-परभणीहून लोक एसटीत उभे राहून १९५६ पासून चालू असलेल्या आपल्या घाटीच्या सरकारी रुग्णालयात येतात. तू सिडकोतून रिक्षाने जाणार, तरी तुला "कोण नेणार?"

सोमवारी सकाळी जायचं. फाइल घेऊन. सांध्याचे स्टिकर चिकटवलेला कागद त्यात असतो, तो शोध; कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा सांधा आहे ते त्यावर असतं. लाइट बिलांच्या गठ्ठ्यात असेल, तिथेच टाकला होतास. एका पानावर लिहून ने: कधी दुखतं, कुठे दुखतं, कशाने वाढतं, कोणत्या गोळ्या घेतल्या. मार्चच्या गोळ्यांसकट. त्याआधीच ताप आला, गुडघ्यातून पाणी आलं, पोटरी एकदम सुजली किंवा दम लागला, तर सोमवारची वाट बघायची नाही, त्याच घटकेला निघायचं. मुलाला बरोबर ने, पण बोलायचं तू. आणि डॉक्टरांनी "कसं वाटतंय?" विचारलं की "बरंय" म्हणू नकोस.